चालवून न पाहता रोड बाईकची फ्रेम निवडताना

रोड बाईकचे गिअर, चाके आणि सीट पुढे बदलता येतात. फ्रेम चुकली तर सायकलच बदलावी लागते. तरीही लहान शहरांतल्या आपल्यापैकी अनेकांना ती चालवून न पाहताच मागवावी लागते, आणि मोठ्या शहरांतल्या दुकानांतही हवे ते मॉडेल आपल्या मापात उभे असेलच असे नाही. अशा वेळी हाताशी असतो तो विक्रेत्याचा उंचीचा तक्ता. माझी पहिली रोड बाईक मी त्याच तक्त्यावरून घेतली होती. माझी उंची 170 सेंटिमीटर आणि तक्त्यानुसार माप अचूक होते, पण पहिल्याच लांबच्या फेरीत मान आणि तळहात इतके दुखले की काहीतरी मुळात चुकले आहे हे ध्यानात आले. माझे पाय उंचीच्या मानाने लांब आहेत, आणि ही गोष्ट तक्त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

म्हणून सुरुवात पायांच्या मापापासून, म्हणजे इनसीमपासून करावी. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पावलांत वीतभर अंतर ठेवून उभे राहावे आणि सुताराचा गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचे पुस्तक पायांच्या मध्ये धरून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब पडतो तेवढ्या जोराने वर ओढावे. त्याची वरची कड भिंतीला जिथे टेकते तिथे खूण करून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. हे काम दुसऱ्याकडून आणि तीनदा करून घ्यावे. शिंप्याने पँटसाठी घेतलेले माप येथे चालत नाही, कारण ते बरेच कमी भरते.

या मापाला 0.883 ने गुणले की बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्या ज्याभोवती फिरतात त्या आसाची जागा) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड आणि त्यांचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्यामुळे रूढ झालेले हे सूत्र सुरुवातीचा आकडा म्हणून आजही उपयोगी आहे. इनसीमला साधारण 0.665 ने गुणून फ्रेमचे माप काढण्याची पद्धत मात्र वरची नळी जमिनीला समांतर असण्याच्या काळातली आहे. 1990च्या दशकाच्या अखेरीस सायकल-रचनाकार माइक बरोज यांनी जायंट कंपनीसाठी उतरत्या वरच्या नळीची टीसीआर ही रोड बाईक घडवली आणि पुढे अशा फ्रेम सर्वत्र रुळल्या. तेव्हापासून सीटच्या नळीची लांबी फारसे काही सांगत नाही, आणि एका कंपनीची 54 मापाची फ्रेम दुसरीच्या 54 सारखी असेल असे गृहीत धरता येत नाही.

त्याऐवजी प्रत्येक कंपनीच्या मापांच्या कोष्टकात ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ हे दोन आकडे शोधावेत. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या टोकाची आखूड नळी) माथ्यापर्यंतचे उभे अंतर म्हणजे स्टॅक आणि त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर म्हणजे रीच.

स्टॅकचा अर्थ उदाहरणाने नीट कळतो. इनसीम 78 सेंटिमीटर असेल तर सीटची उंची सुमारे 68.9 येते, सीटट्यूब (सीटखालची नळी) कललेली असल्यामुळे तिची उभी उंची साधारण 66 सेंटिमीटर भरते. फ्रेमचा स्टॅक 54.5 असेल, वर हेडसेटचे (हेडट्यूबमधल्या बेअरिंगचे) झाकण, दोन सेंटिमीटरचे स्पेसर (स्टेमखालच्या चकत्या) आणि 100 मिलिमीटरचा नेहमीचा स्टेम (हँडलबार धरून ठेवणारा आडवा जोड) असेल, तर हँडलबारचा मध्य सुमारे 61 वर येतो. म्हणजे हँडलबार सीटपेक्षा पाच सेंटिमीटर खाली राहतो, आणि बऱ्याच जणांना हे सोसते. आता तेवढ्याच उंचीच्या, पण 82 इनसीमच्या माझ्यासारख्या माणसाला त्याच फ्रेमवर बसवले की हा फरक आठ सेंटिमीटरच्या वर जातो. माझ्या मानदुखीचा उगम इथेच होता, आणि हे गणित आधी केले असते तर जास्त स्टॅकची फ्रेम निवडता आली असती.

दोन फ्रेमच्या रीचची तुलना करताना स्टॅक समान आहे का, हे आधी पाहावे. हेडट्यूब मागे कललेली असल्याने दर 10 मिलिमीटर स्पेसरमागे हँडलबार सुमारे 3 मिलिमीटर जवळ येतो. त्यामुळे 550 मिलिमीटर स्टॅक व 385 मिलिमीटर रीचच्या फ्रेमवर 20 मिलिमीटर स्पेसर चढवले, तर ती 570 स्टॅक व 379 रीचच्या फ्रेमइतकीच बसते, जरी कागदावर पहिली लांब वाटत असली तरी.

स्वतःला मानवलेली एखादी रोड बाईक घरी किंवा मित्राकडे असेल तर तिच्यासारखा आधार दुसरा नाही. तिचे पुढचे चाक सरळ ठेवून भिंतीला टेकवावे. बॉटम ब्रॅकेट आणि हेडट्यूबचा माथा यांचे भिंतीपासूनचे अंतर ओळंबा लावून मोजले की त्यांतला फरक म्हणजे रीच, आणि जमिनीपासूनच्या उंचीतला फरक म्हणजे स्टॅक. तिच्यावरच्या स्टेमची लांबी आणि स्पेसरची उंचीही सोबत लिहून ठेवावी.

दोन मापांच्या मध्ये अडकल्यास धाकटे घ्यावे असे सर्रास सांगितले जाते. धड लांब आणि पाय आखूड असणाऱ्यांना हा सल्ला पुष्कळदा मानवतो, कारण स्टेम एखाद्या सेंटिमीटरने वाढवला की काम भागते. लांब पायांच्या माणसाने मात्र तो डोळे मिटून मानू नये. धाकट्या फ्रेमवर त्याला स्पेसरचा मनोराच रचावा लागतो. त्याने आधी एन्ड्युरन्स प्रकारची (लांबच्या फेऱ्यांसाठीची, जरा ताठ बसवणारी), म्हणजे स्टॅक भागिले रीच 1.5 च्या आसपास असलेली फ्रेम पाहावी. उलटपक्षी, बसण्यासाठी 80 मिलिमीटरहून आखूड स्टेम लागणार असेल तर फ्रेम लांब आहे असे समजावे. कमी उंचीच्या व्यक्तींनी वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागेल का, हेही विचारून घ्यावे. लहान फ्रेममध्ये हे पुष्कळदा घडते.

मागणी नोंदवण्यापूर्वी सायकलवर किती लांबीचा स्टेम व किती रुंदीचा हँडलबार येतो, आणि केबल आतून नेणारा जोड-हँडलबार असल्यास तो बदलण्याचा खर्च किती, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. सायकल आल्यावर स्टिअररची नळी (पुढच्या चिमट्याची, हेडट्यूबमधून वर येणारी आणि स्टेम बसतो ती) लगेच कापू देऊ नये. उरलेले स्पेसर स्टेमच्या वर ठेवून काही आठवडे चालवावे आणि हँडलबारची उंची कायम झाल्यावरच ती कापावी.