रिव्हर्ब पाऊसही मोठा करतो: क्लासिकल गिटार रेकॉर्ड करताना या चुका टाळा

नायलॉनच्या तारांची गिटार हळू आवाजाचं वाद्य आहे. समोर बसून ऐकताना ती छान भरलेली वाटते, पण माइक तिच्यापर्यंत पोचतो तेव्हा खोलीतलं बाकी सगळंही त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं. मग मिक्स करताना (सगळे आवाज एकत्र बसवताना) रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या जागेचा कृत्रिम घुमारा, चढतो आणि तो सगळ्यालाच लागतो: कौलांवरच्या पावसाला, पंख्याच्या घरघरीला, रातकिड्यांना, खुर्चीच्या कुरकुरीला. रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत घरच्या घरी होणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये "रिव्हर्ब चांगला नाही" ही तक्रार सर्रास ऐकू येते. बहुतेक वेळा रिव्हर्बचा दोष नसतोच. चूक त्याच्या आधीच होऊन गेलेली असते.

ओलावलेली गिटार तशीच माइकसमोर घेणं

जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरच्या हवेत दमटपणा सतत 80 टक्क्यांच्या वर राहतो. गिटारला 45 ते 55 टक्के मानवतात. ओलाव्याने टॉपचं लाकूड फुगतं, ब्रिजपाशी वर उचललं जातं, तारा फ्रेटबोर्डपासून लांब जातात आणि स्वराची आस (त्याचं रेंगाळणं) तोकडी पडते. आवाज गादीखालून आल्यासारखा लागतो. अशा वेळी लोक ईक्यूवर (फ्रिक्वेन्सीनुसार आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनावर) 5 किलोहर्ट्झच्या वरचा भाग उचलतात आणि आस भरून काढायला रिव्हर्ब वाढवतात. दोन्ही उपाय उलटतात: वरचा भाग उचलला की हिस (यंत्राची सूसू) आणि रातकिडे वर येतात, आणि तोकड्या स्वरामागे रिव्हर्बची लांब शेपटी लागली की वाद्य एका खोलीत नि घुमारा दुसऱ्या खोलीत असं ऐकू येतं.

गिटार केसमध्ये ठेवा, आत छोटा हायग्रोमीटर आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. काटा 45 च्या खाली जायला लागला की पुड्या काढा. निळी सिलिका गुलाबी झाली म्हणजे ती ओलावा पिऊन संपली. रेकॉर्डिंगच्या दिवशी खोलीचा एसी ड्राय मोडवर दोन-तीन तास चालवा, मग बंद करून वाजवा. एसी बंद झाला की तापमान आणि दमटपणा दोन्ही चढू लागतात आणि सूर सरकतो, म्हणून प्रत्येक टेकआधी (एका दमात केलेल्या रेकॉर्डिंगआधी) ट्यूनरवर ए = 440 ला पुन्हा लावा. दोन टेक जोडताना एक जरासा कणसूर असेल तर तो सांधा कोरड्या, म्हणजे रिव्हर्ब नसलेल्या, आवाजात कदाचित निसटेल. रिव्हर्बमध्ये आधीच्या स्वराची शेपटी पुढच्यावर चढते आणि दोन्ही सूर एकमेकांशी भांडताना ऐकू येतात.

नवीन नायलॉनच्या तारा ताणून स्थिर व्हायला चार-पाच दिवस जातात. अगदी कोऱ्या खर्जाच्या तारा बोटाखाली जास्त करकरतात, म्हणून त्या आठवडाभर आधी चढवा.

साउंडहोलसमोर माइक

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. साउंडहोलमधून गिटारच्या पोकळीतली हवा 100 हर्ट्झच्या आसपास जोरात हलते, त्यामुळे तिथे ठेवलेल्या माइकमध्ये पाचव्या-सहाव्या तारेचे काही स्वर ढोलासारखे फुगतात आणि बाकीचे मागे पडतात. माइक बाराव्या फ्रेटकडे, जिथे मान बॉडीला मिळते तिथे रोखा. अंतर 60 ते 80 सेंटीमीटर. खोली वाईट असेल तर 40 ते 50.

छोट्या डायफ्रॅमचे दोन कंडेन्सर माइक घ्या, ज्यांचा स्वतःचा नॉइज 15 डीबीए किंवा त्याहून कमी आहे असे. डायनॅमिक माइक इथे नको, कारण इतक्या हळू वाद्यासाठी प्रीअँपचा (माइकचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा) गेन खूप चढवावा लागतो आणि त्याची हिस येते. ओआरटीएफ नावाची दोन माइकची मांडणी, म्हणजे कॅप्सूलमध्ये 17 सेंटीमीटर अंतर आणि 110 अंशांचा कोन, सुरुवातीला पुरेशी आहे. एक माइक मानेवर आणि दुसरा ब्रिजवर ठेवून दोन्ही पूर्ण डावी-उजवी फेकू नका. गिटार खोलीभर पसरते, करकर एका कानात आणि खर्ज दुसऱ्या कानात जातो. शेवटी मोनो करून ऐकाच. बरेच श्रोते मोबाइलच्या एकाच स्पीकरवर ऐकतात, तिथे फेज चुकलेला असेल (दोन माइकच्या लहरी एकमेकींना खोडत असतील) तर आवाज पोकळ होतो.

आता जमिनीचा हिशोब. गिटार जमिनीपासून 70 सेंटीमीटरवर, माइक 80 वर आणि दोघांत 60 सेंटीमीटर अंतर असेल, तर फरशीवर आपटून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा साधारण 1 मीटर जास्त चालतो. त्यामुळे 170 हर्ट्झच्या आसपास दोन्ही एकमेकांना खोडतात आणि तिथे 4 डेसिबलपर्यंतचा खड्डा पडू शकतो. चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा एफ नेमका तिथे, 175 हर्ट्झला आहे. तो स्वर दर वेळी दबका लागत असेल तर दोष तुमच्या बोटाचा नाही. फरशीवर गोधडी अंथरली तर वरच्या फ्रिक्वेन्सी शोषल्या जातात, 170 वर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. माइक जवळ आणा किंवा त्याची उंची 15-20 सेंटीमीटरने बदला, म्हणजे खड्डा उथळ होतो किंवा दुसरीकडे सरकतो.

खोलीचा दोष रिव्हर्बने झाकायला जाणं

चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि वर स्लॅब, अशा 10 बाय 10 च्या खोलीत टाळी वाजवा. झणझणीत, पत्र्यासारखा प्रतिसाद आला तर तो रेकॉर्डिंगमध्ये गेलाच म्हणून समजा. नंतर कितीही सुंदर हॉल लावा, कानाला आधी ती छोटी खोली कळते आणि मग तो हॉल. कौलारू घरातलं माजघर बऱ्याचदा जास्त चांगलं असतं: उतरतं छप्पर, लाकडी वासे, कोपऱ्यात धान्याच्या कणग्या, कपाटं. समांतर सपाट पृष्ठभाग कमी असल्यामुळे आवाज एकाच जागी उसळत राहत नाही. साध्या खोलीत वाजवणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना कापसाच्या गाद्या उभ्या करा आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका. प्लॅस्टिकची आणि वेताची खुर्ची टाळा, लाकडी स्टूल घ्या.

गाज, पाऊस आणि वीज

समुद्राची गाज सलग आणि सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेली असते. ती नॉइज रिडक्शनने काढायला गेलं की स्वरांच्या टोकांवर पाण्याचे बुडबुडे आल्यासारखा आवाज येतो, आणि रिव्हर्ब तो बुडबुडा लांबवतो. उथळ उताराच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी बरंच मागे जातं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ती वेळ साधा. पहाटे होड्यांची इंजिनं सुरू होतात, रात्री रातकिडे आणि बेडूक. बऱ्याच ठिकाणी दुपारची वेळ सगळ्यात शांत मिळते. कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस चालू असेल तर त्या दिवशी रेकॉर्डिंग करू नका, याला दुसरा उपाय नाही.

हिशोब बघा. शिखरं −12 डीबीएफएसवर (डिजिटल आवाजाची कमाल हद्द 0 धरून मोजलेले डेसिबल) आणि खोलीचा आवाज −60 वर असेल, तर मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्सच्या शेवटच्या सफाईत, पातळी 10 डेसिबल वर नेल्यावर तोच आवाज −50 वर येतो. हेडफोनवर दोन स्वरांमधल्या शांततेत तो स्पष्ट ऐकू येतो.

50 हर्ट्झचा हम (विजेची गुणगुण) किंवा त्याच्या 100, 150 च्या पटी आल्या तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग टाळा. साध्या इन्व्हर्टरची वीज शुद्ध साइन वेव्ह नसते आणि तिची भुणभुण येते. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका.

रिव्हर्ब लावताना

आधी एडिटिंग पूर्ण करा. टेक जोडणं, करकर कमी करणं, हाय-पास (खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर), सगळं कोरड्या आवाजावर. हाय-पास 60 हर्ट्झला ठेवा, सहावी तार डीला उतरवली असेल तर 50 ला, कारण तो स्वर 73 हर्ट्झला येतो. बोटांची करकर पूर्ण पुसू नका. त्या क्षणापुरती 3 ते 6 डेसिबल खाली घ्या, नाहीतर वाजवणारा माणूसच नाहीसा होतो.

रिव्हर्ब ट्रॅकवर किंवा क्लिपवर थेट टाकू नका. वेगळी ऑक्स बस (रिव्हर्बसाठीचा स्वतंत्र मार्ग) करा, रिव्हर्ब 100 टक्के वेट (फक्त घुमारा) ठेवा आणि सेंडने (ट्रॅकची प्रत त्या मार्गावर देणाऱ्या नियंत्रणाने) पाठवा. क्लिपवर लावलेल्या रिव्हर्बची शेपटी प्रत्येक जोडावर तुटते. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातच असलेला रियाव्हर्ब इम्पल्स रिस्पॉन्स (खऱ्या जागेच्या घुमाऱ्याचा नमुना) चालवतो, सुरुवातीला विकत काही घ्यावं लागत नाही.

सुरुवातीचे आकडे: डिके (घुमारा विझायला लागणारा वेळ) 1.6 ते 2 सेकंद, प्री-डिले (मूळ आवाज आणि घुमारा यांतलं अंतर) 20 ते 30 मिलिसेकंद, रिव्हर्बच्या आवाजावर 180 हर्ट्झच्या खालचं कापणारा लो-कट आणि 7 किलोहर्ट्झच्या वरचं कापणारा हाय-कट, पातळी कोरड्या आवाजापेक्षा 15 ते 18 डेसिबल खाली.

प्री-डिले शून्य ठेवला की नखाचा आघात घुमाऱ्यात बुडतो आणि गिटार मागे सरकते. 50-60 च्या पुढे गेला की तुटक स्वरांमागे वेगळा प्रतिध्वनी ऐकू येतो. लो-कटचं कारण जास्त महत्त्वाचं आहे. क्लासिकल गिटारमध्ये एकाच हाताखाली खर्ज, मधला आवाज आणि चाल असं सगळं चालतं. कॉर्ड बदलली तरी आधीचा खर्ज रिव्हर्बमध्ये घुमत राहिला, तर दोन सुरावटींची खिचडी होते. खर्जाची आस वाद्यालाच सांभाळू द्या. जलद आर्पेजिओसाठी (कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवताना) डिके 1.4 पर्यंत खाली आणा, संथ सरबांदेसाठी (जुन्या युरोपीय संथ नृत्यरचनेसाठी) 2.2 चालेल.

रिव्हर्बमधली अर्ली रिफ्लेक्शन्स (भिंतींवरून पहिल्यांदा येणारी परावर्तनं) 6 ते 10 डेसिबल कमी करून बघा. तुमच्या खोलीने आपली परावर्तनं आधीच दिलेली असतात. त्यावर दुसरी आली की आवाज खोक्यात जातो. हा एक बदल बऱ्याच बिघडलेल्या मिक्सना सोडवतो आणि फार थोडे लोक तो करून बघतात.

स्वतःचा इम्पल्स रिस्पॉन्स घ्यायचा असेल तर दगडी चर्च निवडा, परवानगी घेऊन. कोकणातल्या देवळांचे सभामंडप देखणे आहेत, पण बाजूंनी मोकळे असतील तर आवाज बाहेर निघून जातो आणि शेपटी मिळत नाही. फुगा फोडून नमुना घेतला तर खालच्या फ्रिक्वेन्सी कमी पडतात. त्याऐवजी 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झचा 15-20 सेकंदांचा साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा शुद्ध स्वर) चांगल्या स्पीकरवरून वाजवा.

मास्टरिंगमध्ये बिघडतं ते

मास्टर बसवर (सगळा आवाज एकत्र होतो तिथे) कॉम्प्रेसर लावला की तो स्वर दाबतो आणि स्वरांमधली रिव्हर्बची शेपटी वर खेचतो. संगीत धापा टाकायला लागतं. लागलाच तर कोरड्या ट्रॅकवर 1.5:1 रेशोने, 1-2 डेसिबलपुरता. स्पॉटिफाय −14 एलयूएफएसचा (ऐकू येणाऱ्या सरासरी मोठेपणाच्या मापाचा) आधार धरतं म्हणून गिटार तिथपर्यंत रेटू नका. त्यासाठी लिमिटरला (शिखरं ठरावीक पातळीवर कापणाऱ्या साधनाला) प्रत्येक आघात कापावा लागतो. −18 ते −20 वर थांबा, ट्रू पीक (आवाजाचं खरं कमाल शिखर) −1 डीबी.

शेवटच्या स्वरानंतर फाइल लवकर कापणं ही छोटी पण ठळक चूक आहे. शेवटचा स्वर विझल्यावरही 5 सेकंद हलू नका, श्वाससुद्धा हळू. कोरड्या ट्रॅकला 3-4 सेकंदांचा फेड द्या, म्हणजे खोलीचा आवाज रिव्हर्बच्या शेपटीबरोबर मिटतो आणि गाज मध्येच तुटत नाही. रेकॉर्डिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर करा. 16 बिटची प्रत हवी असेल तर डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक नॉइज) एकदाच, अगदी शेवटच्या एक्सपोर्टला.

काम झालं की माइक सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. दमट कॅप्सूल तडतडतं. एसीच्या खोलीतून गार माइक दमट माजघरात आणला तर त्यावर वाफ धरते, म्हणून फँटम पॉवर (केबलमधून माइकला मिळणारी वीज) देण्याआधी त्याला तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या.