मायक्रोनाइझ्ड वॅक्स : रंग-शाईच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

रंग आणि छपाईच्या शाईच्या प्रयोगशाळेत रुजू होणारे नवे सहकारी मला बहुधा पहिल्यांदा विचारतात, की कोणते मायक्रोनाइझ्ड वॅक्स, म्हणजे घासण्यापासून थर वाचवणारी मेणाची अतिबारीक पूड, घालायचे. त्यांना मी आधी सुकलेल्या थराची जाडी शोधून काढायला सांगतो. ऑफसेट शाईचा थर जेमतेम १ ते २ मायक्रॉनचा असतो, लाकडावरचा लेप त्याच्या कितीतरी पट जाड असतो, आणि वॅक्सचे कण पृष्ठभागाच्या किंचित वर डोकावले तरच घासणारी वस्तू शाईऐवजी त्यांच्यावरून सरकते. कण फार मोठे असतील तर चकाकी उतरते आणि रोलरवर साका साठतो. म्हणूनच माहितीपत्रकातील मधले आकारमान, म्हणजे डी५० (निम्मी पूड याहून बारीक असते), पाहून थांबू नये. डी९८ (९८ टक्के पूड याहून बारीक असते) अवश्य पाहावा, कारण खोड काढतात ते मूठभर मोठे कणच.

पॉलिएथिलीनची घनता १ पेक्षा कमी असल्याने ते वर यायला मदत होते. पीटीएफईची (टेफ्लॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्लास्टिकची) घनता सुमारे २.२ असूनही ते उत्तम सरकपणा देते. मात्र युरोपात २०२३ साली पीटीएफई ज्यात मोडते त्या पीएफएएस (फ्लोरिनयुक्त रसायने) गटावर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव मांडला गेल्यापासून त्याला पर्याय तपासून ठेवणे शहाणपणाचे झाले आहे. कार्नौबा, म्हणजे ताडाच्या एका जातीच्या पानांवरचे मेण, ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, त्यामुळे भट्टीत भाजल्या जाणाऱ्या डब्यांच्या लेपात ते पृष्ठभागावर येऊन निवताना पातळ पापुद्र्यासारखे बसते.

खरी काळजी घ्यायची ती मिसळताना. ही पूड आधीच बारीक दळलेली असते. तिला बीड मिलमध्ये (बारीक मण्यांनी दळणाऱ्या यंत्रात) घालण्याची सहसा गरज नसते, शेवटी डिझॉल्व्हरखाली (वेगाने फिरणाऱ्या चकतीच्या ढवळणीखाली) नीट ढवळली तरी पुरते. बॅच तापलेली असेल आणि त्यात झायलीनसारखे द्रावक असेल, तर कमी वितळणबिंदूचे वॅक्स फुगते किंवा अंशतः विरघळते व थंड होताना खरखरीत स्फटिक धरते. त्या दिवशी नमुना निर्दोष दिसतो. दुसऱ्या दिवशी हेगमन गेजवर (जाडसर कण शोधण्यासाठी उतरती खोबण असलेल्या पोलादी पट्टीवर) पाते ओढले, की खोबणीत रेघा उमटतात. त्यामुळे गेजची नोंद दोन्ही दिवशी घ्यावी.

मात्रा ठरवताना ०.५, १ आणि २ टक्के असे ड्रॉडाउन (ठरावीक जाडीचे पसरलेले नमुना-थर) शेजारी शेजारी काढून थर पूर्ण पक्का झाल्यावरच घासण्याची चाचणी, घर्षणांक आणि ६० अंशांवरील चकाकी मोजावी. त्यावर दुसरा हात द्यायचा असेल, तर क्रॉसकट करून (थरावर जाळीसारख्या आडव्या-उभ्या चिरा पाडून) टेपने चिकटपणाही तपासावा. वॅक्स जास्त झाले की वरचा थर टेपबरोबर निघून येतो.