गे चळवळीचा सुरुवातीचा इतिहास वाचायचाय? मग स्टोनवॉलपासून नका सुरू करू

बहुतेक जण थेट २८ जून १९६९ पासून सुरू करतात, न्यूयॉर्कचा स्टोनवॉल हा गे बार, पोलिसांची धाड, दंगल, आणि मग वाटतं की त्याआधी सगळे गप्पच बसलेले. अजिबात नाही.

आधी एक कायदा पकडा आणि त्याच्या मागे मागे जा. जर्मनीचं कलम १७५ घ्या, पुरुषापुरुषांतले संबंध म्हणजे गुन्हा, १८७१ चं. गंमत म्हणजे त्याच्या चार वर्षं आधीच कार्ल उलरिक्स नावाचा वकील म्युनिकला कायदेपंडितांच्या परिषदेत असल्या कायद्यांविरुद्ध बोलायला उभा राहिला होता, लोकांनी आरडाओरडा करून त्याला खाली बसवलं. पुढे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्डने १८९७ ला बर्लिनमध्ये संघटना काढली, कलम रद्द करा म्हणून अर्ज फिरवला, त्यावर आइन्स्टाइनचीसुद्धा सही आहे. १९३३ ला नाझींनी त्याची लैंगिक संशोधनाची संस्था लुटली, पुस्तकं जाळली. कलम पूर्ण गेलं कधी, तर १९९४!

मग अमेरिकेत या, पण तिथे पोस्टावर नजर ठेवा. १९२४ ला शिकागोत हेन्री गर्बरने संघटना काढली, स्वतः पोस्टात नोकरीला, अटक झाली, केस टिकली नाही पण नोकरी गेली ती गेलीच. १९५३ ला लॉस एंजेलिसमध्ये ‘वन’ हे गे लोकांचं मासिक निघालं, पोस्टाने अश्लील म्हणून एक अंक अडवला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९५८ ला मासिक जिंकलं. माझ्या मते हा निकाल स्टोनवॉलइतकाच मोठा, कारण गावोगावच्या एकट्या माणसापर्यंत पोचायला टपालच होतं ना.

शेवटी फोटो बघा, १९६५ ची व्हाइट हाउससमोरची निदर्शनं. पुरुष सूट-टायमध्ये, बायका स्कर्टमध्ये. फ्रँक कॅमेनीचा हट्ट, तो खगोलशास्त्रज्ञ, १९५७ ला गे म्हणून सरकारी नोकरीतून काढलेला, त्याचं म्हणणं नोकरी मागायची तर नोकरीला शोभेल असं दिसा. स्टोनवॉलनंतर लगेच ४ जुलैला फिलाडेल्फियातल्या अशाच निदर्शनात दोन बायका हातात हात घालून चालल्या तर त्याने त्यांचे हात सोडवले, तरुण पोरं जाम भडकली. पुढच्या वर्षी २८ जूनला न्यूयॉर्कमध्ये मोर्चा निघाला, त्याच्या ठरावातच लिहिलं होतं की कपड्यांची काही अट नाही.