भट्टीच्या दाराला सिरॅमिक ब्लँकेट लावताना

छोट्या इलेक्ट्रिक भट्टीच्या दारात सिरॅमिक फायबर ब्लँकेटची (उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या मऊ गादीची) पट्टी बसवली की काही दिवसांतच सांध्याला फट पडते आणि उष्णता तिथूनच निसटते. ताप लागला की ब्लँकेट थोडं आकसतं, आणि आपण मात्र ते अगदी मापात कापलेलं असतं.

२५ मिमी जाडीचं, १२६० डिग्री सेल्सिअस दर्जाचं साधं ब्लँकेट असेल तर असं करा:

१. भट्टी पूर्ण गार, मेन स्विच बंद. कापायच्या रेघेवर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारा. चिंब नको, ओलसर पुरे.
२. स्टीलची पट्टी दाबून धरा आणि लांब पात्याच्या कटरने कापा. कात्री नको, कडा कुरतडल्यासारखी निघते, धूळ उडते ती वेगळीच.
३. लांबी जागेपेक्षा बोटभर जास्त ठेवा. पट्टी उभी दुमडून घडी आगीकडे, सुट्या कडा बाहेर. दुमडल्यावर ५० मिमी होणारी ही पट्टी ४० मिमीच्या खाचेत दाबून बसवली, तर आकसल्यावरही फुलून जागा भरते. खरी करामत इथेच आहे.
४. पहिल्यांदा मंद तापवा, दार किंचित उघडं ठेवून, म्हणजे ओल निघून जाईल.

एन-९५ मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच. जुनं ब्लँकेट काढताना तर जास्तच जपा: १००० डिग्रीच्या वर बराच काळ तापलेल्या तंतूंत फुप्फुसाला घातक स्फटिकी सिलिका तयार होते. आधी भिजवा, मगच काढा. झाडू किंवा कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.