कोलंबिया नदीवर सॅमन धरताना या चुका टाळा

ओरेगन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या कोलंबिया नदीत ऑगस्टपासून चिनूक आणि कोहो जातीचे सॅमन समुद्राकडून वर चढू लागले, की पोर्टलंड, बीव्हरटन, हिल्सबरो भागातील मराठी मंडळीही गळ घेऊन काठावर दिसू लागतात. उत्साह चांगलाच आहे, परंतु दर हंगामात नवखी माणसे त्याच त्या चुका करतात आणि त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मागच्या आठवड्यातला नियम आजही लागू आहे असे गृहीत धरणे.

ही चूक आपल्या लोकांकडून का होते, हे समजण्यासारखे आहे. कोकणात वाढलेल्या माणसाला १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांवरील पावसाळी बंदी परिचयाची असते. तारीख एकदा कळली की प्रश्न मिटतो. कोलंबियावरचा हंगाम मात्र माशांच्या मोजणीवर चालतो. त्या वर्षी किती मासे येतील याचा अंदाज बांधून वसंत ऋतूत नियम ठरतात, पण मासे प्रत्यक्ष येऊ लागल्यावर मुखापासून सुमारे २३५ किलोमीटर वर असलेल्या बॉनव्हिल धरणाच्या मत्स्यपायऱ्यांवर, म्हणजे माशांना धरण चढून जाता यावे म्हणून बांधलेल्या पायऱ्यांवर, त्यांची रोज मोजणी होते आणि अंदाज सुधारला जातो. कोलंबियाच्या खालच्या पट्ट्यातील नैसर्गिक चिनूकला १९९९ मध्ये आणि कोहोला २००५ मध्ये संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले. अशा संरक्षित माशांपैकी किती मेले तर चालतील याची मर्यादा ठरलेली असते आणि पकडून सोडलेल्यांपैकी जे नंतर दगावतात, तेही त्या मर्यादेत धरले जातात. मर्यादा जवळ आली की कोहो खुला ठेवून चिनूक बंद होतो, आणि ही सूचना कधी कधी एक-दोन दिवस आधीच निघते.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी नियमपुस्तिकेचे पान छापून, त्यावर खुणा करून, मोठ्या काळजीने खिशात ठेवले होते. सप्टेंबरातल्या एका सकाळी व्हँकुव्हर गावाच्या खालच्या अंगाला वॉशिंग्टनच्या काठावर त्यांच्या गळाला मोठा चिनूक लागला. मासा मत्स्यबीज केंद्रात वाढलेला, त्याची खूण म्हणून पाठीवरचा लहान पर कापलेला, पानावरच्या नियमाप्रमाणे ठेवण्याजोगा होता. शेजारच्या जुन्या मासेमाराने चिनूक कालपासून बंद असल्याचे सांगितले, तेव्हा यांनी त्याला पान दाखवले. तासाभराने आलेल्या अधिकाऱ्यालाही तेच पान दाखवले. मासा जप्त झाला आणि दंड भरावा लागला, कारण तातडीचा नियम निघाला की पुस्तिकेतला नियम त्यापुढे गौण ठरतो. हे गृहस्थ अप्रामाणिक नव्हते. त्यांनी चुकीच्या कागदावर विश्वास ठेवला, एवढेच.

मी स्वतः आदल्या रात्री दोन्ही राज्यांच्या मत्स्य विभागांची तातडीच्या नियमांची पाने उघडतो, जिथे गळ टाकणार त्या पट्ट्याची नोंद तारखेसह फोनमध्ये जतन करतो आणि पहाटे घरातून निघण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहतो, कारण कोलंबियाच्या डोंगरदरीतल्या काही काठांवर फोन चालत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘आज चिनूक चालू आहे’ अशा निरोपावर विसंबणे मला मुळीच मान्य नाही. ज्याला पाच मिनिटे वाचण्याचा धीर नाही, त्याने नदीवर येण्याची घाई करू नये.

दुसरी चूक मला अधिक क्लेश देते, ती छायाचित्राची. पाठीवर शेपटीजवळ असलेला लहान मांसल पर शाबूत असेल, तर मासा बहुधा नैसर्गिक असतो. असा मासा ठेवता येतो की नाही, हेही हंगामात बदलत राहते. सोडायचा मासा पूर्ण पाण्याबाहेर उचलून, छातीशी धरून, मुलांना शेजारी उभे करून छायाचित्र काढणारे लोक मी वारंवार पाहतो. ऑगस्टमध्ये या नदीचे पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर जाते, त्यात झुंजून थकलेल्या माशाला पाण्याबाहेरचे एक मिनिटही जड जाते. तो पोहत गेला म्हणजे वाचला असे नव्हे. मी जाळी पाण्यातच ठेवतो, पर तिथेच पाहतो आणि सोडायचा असेल तर चिमट्याने गळ काढून तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः जोर करेपर्यंत धरून ठेवतो.

चिनूक आणि कोहो यांच्यात गल्लत करू नका: चिनूकच्या दातांच्या मुळाशी हिरड्या काळ्या असतात आणि ठिपके शेपटीच्या दोन्ही भागांवर असतात, तर कोहोच्या हिरड्या तिथे पांढुरक्या असतात आणि ठिपके वरच्या भागावरच दिसतात. गळाला उलटा काटा चालतो की नाही, हे त्या पट्ट्याच्या नियमात पाहा. ठेवलेल्या माशाची नोंद तिथल्या तिथे करा, घरी जाऊन नव्हे. होडीतून सीमेवरच्या पाण्यात दोन्हींपैकी कोणत्याही राज्याचा परवाना चालतो, परंतु काठावरून गळ टाकताना ज्या राज्याचा काठ, त्याच राज्याचा परवाना लागतो. पूल ओलांडून पलीकडे गेलेल्यांपैकी अनेकांना हे अधिकाऱ्यासमोरच कळते.