कारभाऱ्याची वही : प्रभूने दिलेला पैसा घरात कसा सांभाळायचा

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेहून आलं की जेवायच्या आधी वही उघडते. साधी शंभर पानी, अप्पा बळवंत चौकातून आणलेली, कव्हरवर हळदीचा डाग आहे. नवरा मोबाईलवर बँकेचं स्टेटमेंट वाचत जातो, मी लिहीत जाते, आणि लिहायच्या आधी दोघं मिळून छोटी प्रार्थना करतो. सुरुवातीला मला हे विचित्र वाटायचं, भाजी-दुधाच्या हिशेबाला कसली प्रार्थना, पण आता त्याशिवाय वही उघडवत नाही.

यामागचा विचार एकच आहे आणि तो पक्का झाला की बाकी सगळं सोपं जातं. बायबलमध्ये आपल्याला मालक म्हटलेलं नाही, कारभारी म्हटलंय. गावाकडे जमीन एकाची आणि कारभार बघणारा दुसरा असायचा ना, तसंच. कारभारी खर्च करतो, माणसं लावतो, धान्य विकतो, सगळे निर्णय घेतो, पण शेवटी वही मालकापुढे ठेवावी लागते. लूक १६ मध्ये धनी कारभाऱ्याला बोलावून हेच म्हणतो, हिशेब दे. म्हणून दहावा भाग देवाचा आणि उरलेले नव्वद टक्के माझे, मी काहीही करीन, हे मला पटत नाही. शंभरच्या शंभर त्याचे आहेत.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते. पहिला महिना काहीच बदलू नका, फक्त लिहा. बजेट नको, बचत नको, नुसतं लिहा. यूपीआयमुळे पैसे जातात ते कळतच नाही, वीसचा वडापाव, चाळीसची रिक्षा, ऐंशीचं रिचार्ज, हाताला नोट लागत नाही म्हणून मनालाही लागत नाही. रोज रात्री झोपायच्या आधी यूपीआयची हिस्टरी बघायची आणि वहीत उतरवायची, पाच मिनिटंही लागत नाहीत. ॲप वापरलं तरी चालेल पण मी हाताने लिहायला सांगते, कारण स्वतःच्या अक्षरात "बाहेरून जेवण ४,३५०" असं लिहिलेलं बघितलं की ते विसरता येत नाही. आणि नवराबायकोने एकत्र बघायचं, एकाने लपवलेला खर्च असेल तर वहीचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या महिन्यापासून क्रम लावायचा. आमच्या घरात पगार आला की पहिले दोन पैसे कुठे जातात ते ठरलेलं आहे, अर्पण आणि भांडीवाल्या मावशींचा पगार. मावशींचं मुद्दाम लिहितेय. लेवीय १९ मध्ये स्पष्ट आज्ञा आहे की मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नकोस, आणि याकोबाच्या पत्रात तर म्हटलंय की अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानापर्यंत पोचते. आपण मात्र भांडीवाल्या मावशींना "पुढच्या आठवड्यात देते हं" सहज म्हणतो आणि त्याच संध्याकाळी एमजी रोडला जाऊन हजाराची खरेदी करून येतो. मी स्वतः असं केलंय, आणि एकदा मावशी म्हणाल्या, "ताई, आजच देता आले तर बघा ना, गॅस संपलाय." तेव्हापासून १ तारीख म्हणजे १ तारीख.

अर्पणाबद्दल लोक फार विचारतात. दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, हातात येणाऱ्या पगारावर की कापून घ्यायच्या आधीच्या, कर्ज असताना द्यायचा का, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, द्यायचा की गरजू नातेवाइकाला दिला तर चालतो. माझं मत सांगते, तुमचे पाळकसाहेब वेगळं सांगतील तर त्यांच्याशी बसून बोला. दहावा भाग ही चांगली सुरुवात आहे, सवय लागते. पण नव्या करारात पौल टक्का सांगत नाही, प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं म्हणतो, कुरकुरत नाही आणि भाग पडतं म्हणूनही नाही, कारण "संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो". आणि १ करिंथ १६ मध्ये तोच आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगतो, म्हणजे उरलं तर देऊ असं नाही, आधी काढायचं. आम्ही कर्जात होतो तेव्हा महिन्याला २,००० देत होतो, घरात ४७,००० येत होते, म्हणजे दहावा भाग नव्हताच, पण बंद केलं नाही. कर्ज फिटल्यावर वाढवलं. मंदिराच्या दानपेटीत त्या गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी, टाकल्या, त्यांची मिळून एक दमडी झाली, आणि येशूने तीच मोजली. एक मात्र कळकळीने सांगते, "इतकं पेरा, दहापट मिळेल" असं कोणी व्यासपीठावरून म्हणालं तर पाकिटाला हात लावू नका. देणं म्हणजे लॉटरीचं तिकीट नव्हे. आणि व्यवहाराची गोष्ट, संस्थेला दान देऊन जुन्या टॅक्स पद्धतीत दानावरची सूट हवी असेल तर २,००० च्या वरचं दान रोखीत देऊ नका, रोखीचं धरत नाहीत, आणि संस्थेला त्या सवलतीची मान्यता आहे का ते आधी विचारा.

आता कर्ज, इथे थोडं सविस्तर लिहिते कारण आपल्या घराघरात हेच दुखणं आहे. आपण लहानपणापासून प्रभूची प्रार्थना म्हणतो, "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे", आणि पुढच्याच ओळीत मराठीत शब्द आहे ऋण. आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडलं तशी तू आमची ऋणे सोड. भाकरीला लागूनच ऋण. तिथे अर्थ पापाचा आहे हे मला माहीत आहे, पण ज्यांनी पहिल्यांदा ही प्रार्थना ऐकली त्यांना ऋणाचं ओझं काय असतं ते रोजच्या जगण्यात माहीत होतं. नीतिसूत्रे २२ मध्येही म्हटलंय की कर्ज घेणारा देणाऱ्याचा दास होतो.

आमचं असं झालं. एका वर्षी नाताळची खरेदी, नवा फ्रीज आणि सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन सगळं क्रेडिट कार्डावर गेलं आणि ६०,००० थकले. आम्ही दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बँक मागते ती किमान रक्कम, भरत होतो आणि आम्हाला मनापासून वाटत होतं की आपण कर्ज फेडतोय. एका रविवारी वहीत मांडलं तेव्हा कळलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, झाले २,४७८. आम्ही भरत होतो ३,०००. म्हणजे मूळ रक्कम महिन्याला जेमतेम ५२२ ने कमी होत होती. नवरा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला, मग म्हणाला, "अगं, आपण तर नुसतं भाडं भरतोय." त्याच आठवड्यात आम्ही २५,००० ची एफडी मोडली, ती मम्मीने लग्नात दिलेली होती, मोडताना रडू आलं, पण सात टक्के देणारी एफडी सांभाळत वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज भरायचं याला काही अर्थ नव्हता. उरलेले ३५,००० महिन्याला सहा हजाराच्या आसपास भरत सात महिन्यांत संपवले, त्या सात महिन्यांत हॉटेल बंद, नवे कपडे बंद, कार्ड कपाटात वरच्या कप्प्यात.

तर कर्ज असेल तर आधी सगळी कर्जं एका पानावर लिहा, समोर व्याजाचा दर लिहा, आणि ज्याचा दर सगळ्यात जास्त ते आधी मारा, बाकीच्यांचे हप्ते वेळेवर चालू ठेवून. नातेवाइकांचे उसने पैसे पण लिहा, व्याज नाही म्हणून ते कर्ज नाही असं होत नाही, आणि नाती तिथेच तुटतात. "नो कॉस्ट ईएमआय" वर घेतलेला मोबाईलसुद्धा त्याच पानावर.

घराचं कर्ज वेगळं आहे, पुण्यात रोख पैसे देऊन फ्लॅट कोण घेणार. पण लूक १४ मधला बुरूज बांधणारा आठवा, आधी बसून खर्चाचा हिशेब करायचा. ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण २६,००० बसतो आणि एकूण परतफेड जवळजवळ साडेबासष्ट लाख होते. त्यात स्टॅम्प ड्यूटी, रजिस्ट्रेशन, सोसायटीचा मेंटेनन्स आणि टँकरचं पाणी नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड घेता येत नाही, त्यामुळे बोनस आला की थोडी मुद्दल भरत जा.

जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रे इतक्यांदा बजावतं की मला आश्चर्य वाटायचं. मामाचं बघितल्यावर वाटेनासं झालं. मंडळीतल्याच मित्रासाठी मामा पतसंस्थेत जामीनदार राहिला, मित्राचं काम सुटलं, हप्ते थांबले, आणि कपात मामाच्या पगारातून सुरू झाली. दोघं अजून एकाच उपासनेला जातात पण एका बाकावर बसत नाहीत. कोणाला खरंच मदत करायची असेल तर झेपेल तेवढी रक्कम देऊन टाका, परत आली तर आनंद, सही मात्र करू नका. मी माझ्या सख्ख्या भावालाही हेच सांगितलं, तो महिनाभर बोलला नाही, नंतर बोलला.

बचतीवर काही जण म्हणतात की उद्याची चिंता करू नका असं प्रभूने सांगितलंय मग साठवायचं कशाला. चिंता आणि तयारी यात फरक आहे. योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा कोठारात घातला म्हणून दुष्काळात माणसं जगली. इथे आपल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली आणल्या तेव्हा प्रार्थनेसोबत विहिरीही खणल्या, शेती केली, विणकाम आणि छापखाना चालवला. दुसरीकडे लूक १२ मधला श्रीमंत, तोही साठवतच होता, पण स्वतःपुरतं, आणि कोठारं मोठी करायच्या गडबडीत त्याच्या मरणाची रात्र आली. म्हणून आमच्या वहीत बचतीसमोर नेहमी "कशासाठी" असा रकाना आहे.

आधी तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात, ते खातं यूपीआयला जोडायचं नाही, नंतर हळूहळू सहा महिन्यांचा. बँक बुडाली तर एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, दोन टक्के जास्त व्याज दिसतं तेव्हा हे लक्षात ठेवा. बँक खातं असेल तर वर्षाला ४३६ रुपयांत प्रधानमंत्री जीवन ज्योती (आयुर्विमा) आणि २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा (फक्त अपघाताचा), दोन्ही २ लाखांचे, मावशींचेही काढून द्या. कमावणाऱ्याचा टर्म विमा घ्या. पैसा दुप्पट करणाऱ्या स्कीम मंडळीतल्या ओळखीच्या ब्रदर-सिस्टरकडून आल्या तरी नाही म्हणा, विश्वासातला माणूस आहे म्हणून स्कीम विश्वासातली होत नाही.

नाताळसाठी आम्ही जानेवारीपासूनच महिन्याला १,५०० बाजूला टाकतो. करंज्या, केक, मुलांचे कपडे, घरावरचा स्टार, आणि कॅरल्सची मुलं येतात त्यांच्यासाठी. कापणीच्या सणाचं पाकीट वेगळं. गेल्या वर्षी सणाला चर्चमध्ये वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात आमच्या दारच्या भोपळ्याला ७०० रुपये आले, आणि नवऱ्याने दुसऱ्याचं लिंबू ३०० ला घेतलं, ते पैसे पाकिटातले होते म्हणून मला काही टोचलं नाही.

आईवडिलांचा रकाना वहीत हवाच. देवाला वाहिलंय असं सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना येशूने फार कडक शब्दांत सुनावलंय, आणि तीमथ्याच्या पत्रात घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट म्हटलाय. अर्पण चालू आणि पप्पांची बीपीची गोळी बंद, असं होता कामा नये.

शेवटचं पान मृत्युपत्राचं, याला आपले लोक फार घाबरतात. आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि नवरा गेला तर मुलं असताना बायकोला एक तृतीयांश मिळतं आणि दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी सारखं. "सगळं आपोआप बायकोचं होतं" हे चूक आहे. बँकेतला नॉमिनीही मालक होत नाही, तो वारसांसाठी पैसे ताब्यात घेतो. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांनी सही करायची, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना किंवा त्यांच्या नवऱ्या-बायकोला साक्षीदार घ्यायचं नाही. आमचं मागच्या उपवासकाळात झालं, शेजारच्या काका-काकूंनी सह्या केल्या, चहा घेतला, आणि काकू जाताना म्हणाल्या, "आमचं पण लिहायचंय गं, येत्या रविवारी वही घेऊन ये."