बाळासाठी प्रयत्न सुरू आहेत? मग व्यायाम असा करा

दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असताना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम बहुतेकींना पुरतात. मध्यम म्हणजे किती? पुण्यातल्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना मैत्रिणीशी अख्खं वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, तेवढा. दोन शब्दांतच धाप लागत असेल तर थांबा आणि मग हळू चढा.

सवय नसेल तर पहिले दोन आठवडे सारसबागेत किंवा सोसायटीतच सपाट जागी १५ ते २० मिनिटं चाला, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. तळजाई किंवा वेताळ टेकडी त्यानंतर. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम सिंहगड गाठला की पोटऱ्या धरतात आणि पुढचे चार दिवस चालणं बुडतं. ताकदीसाठी हात न टेकता खुर्चीवरून १० उठाबशा आणि भिंतीला टेकून १० जोर, अशा तीन फेऱ्या करा.

पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल आणि वजन जास्त असेल तर व्यायामाचा फायदा इथेच सर्वांत जास्त दिसतो. स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिन उतरतं, त्यामुळे अंडाशयात तयार होणारी पुरुषी हार्मोन्स कमी होतात आणि अंडं सुटायला लागतं. त्यासाठी बारीक व्हावं लागत नाही. ८० किलो वजनात चार ते आठ किलो उतरले तरी अनेकींची पाळी मार्गावर येते.

उलटी चूक सडपातळ मुलींकडून होते, आणि ती लवकर लक्षात येत नाही. सकाळी उपाशीपोटी टेकडी, संध्याकाळी जिम, रात्री नुसतं सॅलड, त्यात चतुर्थीचा उपवास. खर्च होते तेवढी ऊर्जा पोटात गेली नाही की मेंदू अंडाशयाला संदेश पाठवणं कमी करतो. आधी अंडं सुटल्यानंतरचे दिवस कमी होतात, मग पाळी लांबते, शेवटी बंद पडते. पाळी ३५ दिवसांपलीकडे जायला लागली तर व्यायाम निम्म्यावर आणा आणि खाणं वाढवा: निघण्यापूर्वी एक केळं, परतल्यावर तासाभरात दोन अंडी-पोळी किंवा मुगाचं धिरडं आणि दही. उपवासाच्या दिवशी फक्त सपाटीवर चाला.

अंडं सुटल्यानंतरचे दोन आठवडे पडून राहायची गरज नाही. चालल्याने किंवा जिने चढल्याने गर्भ 'निसटत' नाही. ही भीती घरोघरी आहे आणि तिच्यापायी बायका उगाच स्वतःला दोष देतात. आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची) इंजेक्शनं चालू असतील तर मात्र खरंच जपायला हवं. तेव्हा अंडाशय फुगलेलं असतं आणि त्याला पीळ पडू शकतो, म्हणून पळणं, उड्या आणि कमरेला पीळ देणारी आसनं डॉक्टर सांगेपर्यंत बंद. अचानक पोटात कळ आणि उलट्या झाल्या तर रात्र असली तरी दवाखान्यात जा.

फॉलिक अॅसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून.

वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर, त्यापुढे सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जा. पाळीच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. जाताना नवऱ्यालाही न्या, त्याचीही तपासणी लागते. आणि कॅलेंडरची तीन महिन्यांची पानं सोबत घ्या. पाळीच्या तारखांशेजारी रोज किती मिनिटं चाललात हे लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत बरंच कळतं.